मागून बघायची सवय

मन्नाएखेळ्ळीचे कल्लप्पा पंचवीस वर्षं रेडिओ दुरुस्त करत होते. प्रमाणपत्र मात्र नव्हतं. टीव्ही आले आणि दुकान ओस पडलं. उरली होती ती बीदरच्या एका तंत्रनिकेतनातली मेकॅनिकची जागा. प्राचार्य मुकुंदराव म्हणाले होते, "आमचं रिमोटचं विमान उडवून दाखवा, जागा तुमची."

विमान सेकंडहँड होतं. कल्लप्पांनी त्यातला जुनाट रिसीव्हर काढून नवा बसवला, सुकाणूची मोटरही बदलली. मग शेपटीमागं बसून रिमोटची दांडी डावीकडं ढकलली. सुकाणू डावीकडं वळलं. त्यांनी लगेच त्याची तार उलटी जोडायला घेतली.

"आवो, बरोबर वळायलंय की! कामून बदलायलात?" बायको दानम्मानं विचारलं.

"मागून बघायलीस तू. रेडिओचं डावं बटण मागून उजवीकडं येतंय न्हवं? तसंच हे."

दुसऱ्या दिवशी दानम्माही मैदानावर आली. विमान झकास उठलं. मुकुंदरावांनी टाळी वाजवली. विमान उजवीकडच्या चिंचेकडं झुकलं, म्हणून कल्लप्पांनी दांडी डावीकडं ढकलली. ते आणखी उजवीकडं गेलं. घाबरून त्यांनी दांडी डावीकडं पार टेकवली.

विमान चिंचेवर आपटलं.

"सायेब, तार उलटी लागली. एकडाव पुन्हा..."

मुकुंदराव न थांबता निघून गेले.

कल्लप्पांनी मोडकं विमान उचलून दांडी हलवली. सुकाणू फिरलं.

"चालायलंय की अजून," दानम्मा हळूच म्हणाली.

"व्हय. पण आता कुणाला दाखवू?"