पडलेल्यांच्या समाचाराला

हरलेल्या माणसांवर माझ्या मामेसासऱ्यांइतकी माया करणारा दुसरा गृहस्थ तेव्हा उभ्या पुणे जिल्ह्यात नसेल. ते चिंचवडला पवनेच्या काठी एकटेच राहत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, आणि लोकल बोर्डाच्या शाळेतली मास्तरकीही संपलेली. जेवायला दोन्ही वेळा आमच्याकडे, म्हणजे आपल्या धाकट्या बहिणीकडे येत. आमटी खारट होवो की आळणी, पहिल्या भुरक्याला "सूनबाई, पास!" असा शेरा ठरलेला. शाळेतही त्यांनी आयुष्यात कुणाला नापास केलं नाही. एकदा वरच्या साहेबांनी यावरून जाब विचारला, तेव्हा मामांनी उत्तर पाठवलं होतं, "पोरगं पुढच्या यत्तेत गेल्यावर शिकेल."

एरवी इतका साधा माणूस, पण पुण्यात महापालिकेची निवडणूक लागली की त्यांच्या अंगात यायचं. वास्तविक त्यांचं मत चिंचवडच्या ग्रामपंचायतीत. पुण्यातल्या पेठा सोडून त्यांना वीसेक वर्षं झाली होती. तरी मतमोजणीच्या दिवशी सकाळीच काळा कोट चढवून, टोपी दोनदा झटकून ते गाडीने शिवाजीनगरला उतरत. फळ्यावर एकेका वॉर्डाचा निकाल लागला की भोवतालची गर्दी निवडून आलेल्याच्या नावाने आरोळ्या ठोकी, आणि मामा पडलेल्यांची नावं वहीत उतरवून घेत. मग कसबा, बुधवार, रविवार अशी पेठापेठांतून पायपीट करत पडलेल्या प्रत्येकाच्या घरी समाचाराला जात. बरोबर खडीसाखरेची पुडी असे, कारण प्रचारात घसा बसतो.

आमच्या शेजारी एक मळेवाले होते. ते एकदा न राहवून म्हणाले, "मास्तर, तितं तुमचं घर न्हाई, मत न्हाई. पडला तर पडला. तुमाला काय त्याचं?"

"अहो, निवडून आलेल्याच्या दारात पाय ठेवायला जागा नसते," मामा म्हणाले. "पडलेल्याकडे कुणी पाणी प्यायलाही जात नाही."

"व्हय, पन मग तुमीच का?"

यावर मामांनी वहाणा घातल्या आणि नदीकडे चालू लागले.

पुढच्या निवडणुकीच्या वेळी त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. फळ्यावरचं दिसायचं नाही, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. माझे यजमान पिंपरीच्या नव्या कारखान्यात दिवसाच्या शिफ्टला गेले होते. सासूबाई म्हणाल्या, "दादा, सुनेला कुठे उन्हातान्हात फिरवता?" तर म्हणाले, "मॅट्रिक झालीय ती. जरा शहराची लोकशाही बघू दे."

ती लोकशाही मी चार जिने चढून-उतरून पाहिली. पहिल्याच घरी अजून निकाल पोचला नव्हता. काळा कोट आणि मामांचा लांबट चेहरा पाहून उमेदवाराची बायको हातातलं काम टाकून दारात आली. मामा हलक्या आवाजात म्हणाले, "धीर धरा. तुमचे यजमान पडले." ती बाई "अगं बाई! जिन्यावरून?" म्हणत हळद गरम करायला आत पळाली. तिला खरं समजावून सांगेपर्यंत यजमान स्वतःच्या पायांनी वर आले, आणि ते धडधाकट आहेत एवढ्यावरच ती माउली इतकी खूश झाली की निवडणूक राहिली बाजूला, आम्हाला शिरा खायला मिळाला. रविवारात आम्ही पोचलो तेव्हा फेरमोजणी होऊन आमचा पडलेला उमेदवार निवडून आला होता. दारात पेढे वाटत होते. मामा उंबऱ्यावरूनच मागे फिरले. "यांचं आपल्याकडे काही काम नाही," एवढंच म्हणाले.

मी वही पाहिली. "मामा, एक नाव राहिलं. शुक्रवारातले घड्याळदुरुस्तीवाले."

"तिथे नको. गाडी चुकेल."

गाडीला चांगले दोन तास होते. पण मामांचे पाय मात्र शुक्रवाराकडेच वळले. एका गल्लीच्या तोंडाशी ते थांबले आणि पहिल्यांदाच मला सांगितलं. हे घड्याळजी त्यांचे बालमित्र. जुन्या म्युनिसिपालिटीच्या वेळी मामा स्वतः एकदा उभे राहिले होते, त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून सही याच मित्राची. मामा पडले. त्या दुपारी विजयाची मिरवणूक त्यांच्या खिडकीखालून गेली, आणि तिच्यात गुलालाने माखलेला हा मित्र लेझीम खेळत होता. दिवसभरात मामांच्या घरी कुणी आलं नाही. महिन्याभरात त्यांनी चिंचवडची नोकरी पत्करली.

बोलून झाल्यावर ते टोपी दोनदा झटकून जिना चढले.

घड्याळजी उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये एकटेच बसले होते. मामांना पाहून उठायला गेले, पण पुन्हा खाली बसले.

"बोल," ते म्हणाले. आवाज पार बसलेला. "इतक्या वर्षांचं काय असेल ते बोलून टाक."

मामांनी पुडी पुढे केली. "घसा फारच बसलाय तुझा."

घड्याळजींनी ती घेतली नाही. "मी भ्यालो रे. तुझ्याबरोबर दिसलो तर दुकानात कुणी येणार नाही, असं वाटलं."

"ठाऊक आहे मला."

"मग तुला राग नाही?"

"आहे ना, पुष्कळ आहे," मामा त्यांच्याशेजारी बसत म्हणाले. "पण तो आज नको. आज तू पडलायस."

खाली लेझीम वाजू लागली. घड्याळजी खिडकी लावायला उठले, तशी मामांनी त्यांचा हात धरला. "असू दे उघडी. आज दोघं आहोत." मिरवणूक खालून जाईपर्यंत ते दोघे म्हातारे खिडकीशी बसून राहिले. मी आत जाऊन चहा टाकला. माझे डोळे धुराने भरले, असं मी त्यांना सांगितलं.

पुढे दर रविवारी घड्याळजी गाडीने चिंचवडला येऊ लागले. दोघे घाटावर बसत, पेठेतल्या जुन्या मास्तरांच्या नकला करत, आणि जेवायला आमच्याकडे येत. अशी तीन वर्षं गेली. मग एका थंडीत मामा गेले.

दहाव्याला घड्याळजी घाटाच्या पायरीवर बसून होते. मी पाणी घेऊन गेले. त्यांनी भांडं घेऊन पायरीवर ठेवलं.

"दर रविवारी मनाची तयारी करून यायचो हो, आज हा बोलेल म्हणून," ते म्हणाले. "एकदासुद्धा बोलला नाही. भांडला असता एकदा, तर बरं झालं असतं."