कोयरीचं टोक खाली

"सही करा, मॅडम. दोन ओळींचं काम आहे."

जीएम साहेबांनी लॅपटॉपवरून नजर न उचलता कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर लिहिलं होतं की, कटिंग टेबलाची प्रमुख वनिता हिला इंग्रजी शब्द न समजल्यामुळे माल उलटा कापला गेला. खाली क्वालिटी हेड म्हणून माझं नाव छापून तयार होतं. मी सही केली की वनिता टेबलावरून उतरणार आणि शिवलेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापायला बसणार. त्या कामावर आम्ही नवीन आलेल्या बायकांना बसवतो.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

आता त्यांनी मान वर केली. "का? माल उलटा कापला गेलाय ना?"

"गेलाय. पण इथे लिहिलेलं कारण खोटं आहे."

आमचा कारखाना खालापूर तालुक्यातला. तयार कपडे शिवून परदेशी पाठवायचे, हे काम. बायका आसपासच्या गावांतून येतात, काही कर्जतहून कंपनीच्या बसने. मीही त्याच बसने यायची. माझं लहानपण भिवपुरीच्या वीजघराच्या क्वार्टर्समध्ये गेलं, वडील तिथे नोकरीला होते. क्वालिटी हेडचं काम सांगायला सोपं आहे. ठरल्याप्रमाणे कपडा झालाय की नाही ते बघायचं आणि नसेल तर नाही म्हणायचं. हे दुसरं काम करताना बऱ्याच जणांची जीभ अडखळते.

तर हे जीएम साहेब नवीन आले होते. मूळचे पुण्याचे. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना उभं करून नियम सांगितला. फ्लोअरवर कापडाची आणि डिझाइनची नावं फक्त इंग्रजीत घ्यायची. चौकडी म्हणायचं नाही, चेक्स म्हणायचं. कोयरी म्हणायचं नाही, पेस्ली म्हणायचं. माल घेणारा परदेशी बायर कधीही भेट देतो, त्याच्यासमोर गावठी वाटता कामा नये. बायकांना ही नावं शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली.

माझं इंग्रजीशी काही भांडण नाही. रविवारी आमच्या विहारात मी मुलांना इंग्रजीच शिकवते. पण "गावठी" हा शब्द मला लागला. मग मी बसमध्ये फोनवर एकेका नावाचं मूळ शोधायला लागले, आणि जसजशी वाचत गेले तसतशी मला गंमतही वाटली आणि रागही आला.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर बायकांना घेऊन बसले. म्हटलं, साहेबांनी सांगितलेलं पहिलं नाव डंगरी. जाड कापडाची, छातीपर्यंत येणारी पॅन्ट. हे नाव आलं कुठून? मुंबईतल्या डोंगरीतून. तिथे असलं जाडंभरडं कापड विकलं जायचं, गोऱ्यांनी कापडाला गावाचं नाव दिलं आणि विलायतेला नेलं.

"आपल्या डोंगरीतून?" वनिता म्हणाली. "माझी नणंद रहाते की तितं!"

वनिता पळसदरीकडची. आवाज मोठा, हात स्थिर. कापडाचे थर एकावर एक अंथरून त्यावर कटर चालवायचा, तर हात स्थिरच लागतो. एक इंच सरकला तर सगळे थर वाया.

पुढे मग रंगतच गेलं. डोक्याला बांधायचा बँडाना आपल्या बांधणीतला. शिंट्झ म्हणजे फुलाफुलांचं छापील कापड, ते आपलं चीट. माझी आजी चिटाचा परकर म्हणायची. कॅलिको कालिकतचं. पायजमा तर तसाच्या तसा उचलला. खाकी म्हणजे धुळीच्या रंगाचं, फारसीत खाक म्हणजे धूळ. माझ्या वडिलांचा गणवेश खाकी होता, तो शब्दही इंग्रजांनी इथेच घेतला. सगळंच आपलं असंही नाही. डेनिम फ्रान्समधल्या एका गावाचं, जीन्स इटलीतल्या बंदराचं. जे खरं ते सांगायचं.

आणि पेस्ली? ते स्कॉटलंडमधलं एक गाव. काश्मिरी शालींना तिकडे भलती मागणी आली, तेव्हा त्या गावातल्या मागांवर तशाच शाली विणायला लागले. नक्षी इकडची, नाव त्या गावाचं पडलं.

"म्हंजे आमची कोयरी नेली," वनिता म्हणाली, "नि आता आमालाच सांगतात कोयरी बोलू नको?"

बायका खो खो हसल्या. मीही हसले. त्याच शब्दावरून पुढे वनिताची जागा जायची वेळ येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात कोयऱ्यांच्या छापाचं कापड आलं. बायकांचे टॉप शिवायचे होते. प्रिंट वन-वे होतं, म्हणजे सगळ्या कोयऱ्यांची टोकं एकाच दिशेला. असं कापड कापण्याआधी एकच गोष्ट ठरवावी लागते. अंगात घातल्यावर टोक वर दिसायला हवं की खाली? बायर एक माहितीपत्रक पाठवतो, त्याला टेक पॅक म्हणतात. त्यात हे बाण काढून दाखवलेलं असतं. या वेळी बाण नव्हता. नुसतं "पेस्ली, वन-वे" असं होतं. मंजूर झालेला नमुना टेबलाशेजारी टांगलेला असायला हवा, पण तो साहेबांच्या केबिनमध्ये होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

साहेब फ्लोअरवरून चालले होते. वनिताने त्यांना टेबलापाशी थांबवलं.

"सर, कोयरीचं टोक वर ठेवायचं की खाली?"

"कोयरी नाही. पेस्ली म्हणा," साहेब म्हणाले आणि पुढे गेले.

मी तिथून चार पावलांवर होते. मला वाटलं वनिता त्यांच्या मागे जाईल. तेवढ्यात मला पॅकिंगमधून बोलावणं आलं. वनिता काही त्यांच्या मागे गेली नाही. तिने कापडाकडे बघितलं आणि आपल्या मनाने ठरवलं. कैरी झाडाला लागते तेव्हा देठ वर आणि टोक खाली असतं. तिने टोक खाली ठेवलं. अख्खा लॉट तसा कापला.

शिवलेले पहिले टॉप माझ्या टेबलावर आले. मी केबिनमधून नमुना मागवून शेजारी ठेवला. नमुन्यात टोकं वर होती. एका नजरेत दिसत होतं. मी मशिनी थांबवल्या आणि वनिताकडे गेले.

"वनिता, टोक खाली का ठेवलंस गं?"

तिने दोन्ही टॉप बघितले आणि तिचा चेहरा उतरला. "मॅडम, मी इचारलेलं त्यांना. तुमी पण व्हता. आंबा काय टोक वर करून लागतो का? मला वाटलं तसंच आसंल."

आंब्याच्या झाडाखाली वाढलेलं माणूसच अशी चूक करू शकतं. स्कॉटलंडमधल्या गावाचं नाव ऐकून टोक कुठे ठेवायचं हे कुणालाच कळलं नसतं, साहेबांनाही नाही.

आणि आता तो कागद माझ्यासमोर होता.

"तिने तुम्हाला विचारलं होतं," मी म्हटलं. "मी ऐकलंय."

"ती मराठीत विचारत होती. मी फ्लोअरचा नियम सांगितला."

"साहेब, तुम्ही पुण्याचे. मराठी तुम्हाला कळली नाही असं तर नाही ना?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, तुमची निवृत्ती जवळ आलीय. उगाच वाकड्यात शिरू नका."

मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. निवृत्तीच्या तोंडावर कुणाला भांडण हवं असतं? पण वडील सांगायचे, मान खाली घालायची ती जेवताना आणि वाचताना. कागद मी वाचला होता. तो तसाच त्यांच्याकडे परत सरकवला.

"कापलेल्या मालात चूक वनिताची आहे, तसं लिहा. टेक पॅकमध्ये बाण नव्हता, तेही लिहा. नमुना केबिनमध्ये होता, तेही. तिने विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलं नाही, तेही. मी चार पावलांवर असून परत जाऊन बघितलं नाही, हेसुद्धा लिहा. एवढं सगळं लिहा, लगेच सही करते."

त्यांनी लिहिलं नाही. दुपारी बायरच्या कंपनीतल्या बाईंशी व्हिडिओ कॉल होता. साहेबांनी सुरुवात केली, आमच्या ऑपरेटरला टर्मिनॉलॉजी कळली नाही, आम्ही तिला हलवतोय. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. मी कॅमेऱ्यासमोर सरकले.

"नो मॅडम. शी आस्क्ड. वुई डिड नॉट आन्सर."

बाईंनी विचारलं, तिने नेमकं काय विचारलं? मी सांगितलं. कैरी आणि देठसुद्धा हातांनी करून दाखवलं. बाईंनी त्यांचा टेक पॅक उघडला. पानं वर-खाली करून बघितली. मग म्हणाल्या, बाण आम्हीच टाकायला हवा होता. आणि साहेबांना विचारलं, उत्तर का दिलं नाही?

साहेबांनी आवाज नीट येत नाही असं सांगितलं.

उलटा माल बायरने घेतला नाही. कशाला घेईल? नवीन कापड मागवून टॉप पुन्हा कापले. उलट्या कापलेल्या मोठ्या तुकड्यांतून टोक वर ठेवून लहान मुलींचे फ्रॉक निघाले, तेवढं नुकसान कमी झालं. पुन्हा कापणारी वनिताच होती. तिला टेबलावरून कुणी हलवलं नाही, कारण हलवण्याचं कारण आता सगळ्यांसमोर बोलून झालं होतं. साहेब मी निवृत्त होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. निरोप समारंभाला आले नाहीत. माझं काही अडलं नाही.

लोक मला विचारतात, एवढ्या वर्षांत काय शिकलात? कापडाला नाव कुठल्याही गावाचं द्या, डोंगरीचं द्या नाहीतर स्कॉटलंडमधलं द्या. पण कटर हातात घेतलेल्या बाईने काही विचारलं, तर आधी उत्तर द्या. तिची भाषा नंतर सुधारता येते. कापलेलं कापड जोडता येत नाही.