फेरे मोजणारे उस्ताद

उस्ताद बाजारातून चालले की त्यांचा उजवा हात हवेत फिरत असे. कोपर अंगाशी घट्ट, मूठ वळलेली, आणि ती मूठ गोल गोल फिरते आहे. ओठ हलायचे: एक, दोन, एक, दोन. नवखा माणूस घाबरून बाजूला व्हायचा. आम्हा वाशीमकरांना सवय झाली होती. पानाच्या दुकानावरून कोणी हटकून विचारायचं, "काय दळून राह्यले उस्ताद?" हात न थांबवता ते म्हणायचे, "हात पक्का करून राह्यलो." असा तो हात त्यांनी दोन वर्षं पक्का केला, आणि दोन वर्षं सगळा बाजार त्यांना हसला. हसणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

उस्तादांचं दुकान घड्याळ दुरुस्तीचं. पण शिवणयंत्र, कंदील, ग्रामोफोन, जे बंद पडेल ते त्यांच्याकडे येई. मी तेव्हा शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. माझं घड्याळ जन्मतःच आळशी, त्यामुळं उस्तादांची आणि माझी दोस्ती झाली. एकदा फिरत्या सिनेमाचा तंबू गावात आला. त्याच्या मॅनेजरनं एक लाकडी पेटी उस्तादांपुढं आपटली आणि म्हणाला, भंगार आहे, खिळ्यांना उपयोगी पडेल. ती पेटी म्हणजे चलच्चित्राचा कॅमेरा होता. उस्तादांनी त्याला भिंतीवरचं चालतं घड्याळ काढून दिलं आणि पेटी ठेवून घेतली. त्या दिवसापासून त्यांचा हात फिरू लागला. कारण त्या कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचं असतं. एका फेऱ्याला आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे. हात वेगात गेला तर पडद्यावरची माणसं पाण्यातून चालल्यासारखी चालतात, आणि मंद पडला तर मुंगळ्यांसारखी पळतात.

"नाही होत म्हंजे आज नाही होत," हे उस्तादांचं ठरलेलं वाक्य. फिल्म भोकांत पकडून खाली ओढणारा पोलादी पंजाच त्या कॅमेऱ्यात मोडलेला होता. मुंबईला लिहिलं तर उत्तर आलं, हा भाग आता मिळत नाही. उस्तादांनी जुन्या घड्याळाची स्प्रिंग तापवली, कानस घेऊन बसले आणि पंजा घडवू लागले. पहिला मोडला. दुसऱ्यानं फिल्म फाडली. अकरावा की बारावा बसला, तेव्हा मी म्हटलं, "उस्ताद, कशासाठी एवढा आटापिटा? तंबू येतो की दरवर्षी." त्यांनी कानस खाली ठेवली आणि मागच्या खोलीकडं मान केली. "अम्मासाठी," म्हणाले.

मागच्या खोलीत त्यांची आई असे. चाळीस वर्षं तिनं खेड्यापाड्यांत बांगड्या भरल्या. डोक्यावर टोपली घेऊन पायी आसेगावपर्यंत जाई. तिकडच्या पोरीबाळींच्या लग्नाचे चुडे तिच्याच हातचे. सारी हयात शेतकऱ्यांच्या ओसरीवर गेलेली, त्यामुळं तिची वऱ्हाडी आमच्यापेक्षा अस्सल होती आणि मायलेक घरातही तीच बोलत. चार वर्षांपूर्वी अम्माच्या अंगावरून वारं गेलं आणि पाय गेले. तेव्हापासून ती खाटेवर पडून वाट विचारायची. नाल्यातली वाट नीट झाली का, आसेगावच्या विहिरीवरचा लिंब आहे का. उस्ताद कोणाकडून तरी ऐकलेलं सांगायचे. अम्मा तोंड फिरवायची. "तुह्या सांगन्यानं मले काही दिसत नाही बाप्पा," म्हणायची. आईला उचलून नेता येत नाही तर वाटच घरात आणायची, असं उस्तादांच्या मनानं घेतलं. पंजा बसला त्या वर्षी हकिमांनी सांगितलं, पुढचा उन्हाळा निघणं अवघड आहे. मग बाजार हसत राहिला, मी तरी हसणं थांबवलं.

पहिली खेप चैत्रात केली आणि ती आमच्या अंगलट आली. बैलांच्या दमणीत कॅमेरा टाकून वाटेचं चित्रण करून आणलं. फिल्म धुवायची कशी हे उस्तादांनी पुस्तकातून उतरवून घेतलं होतं. पुस्तक लिहिणारा थंड मुलखातला. पाणी थंड हवं, एवढंच त्यानं लिहिलेलं. चैत्रातलं आमचं पाणी माठातलं असलं तरी कोमट. लाल कंदिलाच्या उजेडात उस्तादांनी लाकडी पिंपावर गुंडाळलेली फिल्म औषधात फिरवली, आणि थोड्या वेळानं तिच्यावरचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटून पाण्यात तरंगू लागला. नाला, वाट, लिंब सगळं पाण्यात गेलं. हातात राहिली स्वच्छ काचेसारखी पट्टी. मला रडू आलं. उस्तादांनी ती पट्टी पुसली, गुंडाळी केली आणि म्हणाले, "मास्तर, थंडीत करू." थंडी यायला सात महिने होते. अम्मा तोवर राहील का, याची धास्ती होती.

अम्मा राहिली. मार्गशीर्षात आम्ही पुन्हा आसेगावला गेलो. वाट झाली, लिंब झाला. विहिरीपाशी अम्मा जिथं टोपली उतरवायची तिथं उस्तादांनी कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं आणि बायांना म्हणाले, या पुढं. बायांनी पदर ओढले आणि पाठ फिरवली. "तोंड नाही देत बाप्पा मशीनीले," एक म्हातारी म्हणाली. उस्ताद म्हणाले, "माय, सिनेमावाल्यायले नाही दाखवत. अम्मा पाहीन." "अम्मा पाहीन?" म्हातारीनं दुसऱ्या बायांकडं पाहिलं. मग पदर तसाच ठेवून तिनं दोन्ही हात पुढं केले. "मंग हे घे. अम्माले तोंडापेक्षा हातच वळखू येते."

आणि मग रांगच लागली. एकेक बाई यायची, बांगड्या भरायला धरावेत तसे दोन्ही हात कॅमेऱ्यापुढं धरायची आणि बाजूला व्हायची. उस्ताद फेरे मोजत होते. त्या कॅमेऱ्याच्या काचेतलं चित्र अंधुक आणि उलटं दिसे, म्हणून ते काचेत पाहतच नसत, समोर कुठंतरी नजर लावून मोजत. मी पांढरं धोतर ताणून उन्हाचा उजेड हातांवर पाडत होतो. माझं सगळं लक्ष सावलीकडं. वीसेक बायांचे हात आम्ही घेतले. येताना उस्ताद दमणीत एवढंच बोलले, "एक फेरा नाही चुकला, मास्तर."

थंडीचं पाणी मिळालं तर आता कापूस आडवा आला. आमच्याकडं थंडी म्हणजे जिनिंगचे दिवस. सगळ्या गावावर कापसाचं तूस उडत असतं. जेवणात येतं, नाकात जातं. धुतलेली फिल्म ओली असते आणि ओल्या फिल्मवर तूस बसलं की चिकटलंच. नमुन्याचा एक तुकडा आम्ही वाळवला तर त्यावर तुसाचे धागे अळ्यांसारखे पसरलेले दिसले. त्या पुस्तकवाल्याच्या गावी कापूस पिकत नसावा. उस्तादांनी दोन दिवस विचार केला. मग खोलीची दारंखिडक्या ओल्या चादरींनी झाकल्या, म्हणजे उडतं तूस चादरीलाच चिकटेल. जमीन सारवून ओली ठेवली. आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "मास्तर, कपडे काढा. कपड्याचंही तूस पडते." पौषाच्या थंडीत ओला पंचा नेसून, दात वाजवत, शाळेचा ड्रॉइंग मास्तर चार दिवस फिल्म धूत होता. हेडमास्तरांना हे कळलं नाही म्हणून पेन्शन मिळालं.

धुतलेल्या फिल्मवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. तिच्यावरून सुलटी प्रत छापावी लागते. जुन्या कॅमेऱ्याची खुबी अशी की तोच चित्र घेतो, तोच छापतो, आणि मागची फळी काढली की तोच भिंतीवर दाखवतो. आम्ही धुतलेली आणि कोरी अशा दोन्ही फिल्म एकीवर एक लावून आत भरल्या, उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडं तोंड केलं आणि उस्तादांनी पुन्हा तेवढेच फेरे दिले. छापलेली पट्टी धुऊन वाळवल्यावर मी इंचाइंचानं तपासली. कुठं तूस आहे का, कुठं ओरखडा आहे का. त्या हातांची नखं मला पाठ झाली.

दाखवायला दिवा नव्हता. वाशीमला तेव्हा वीज कुठली? उस्तादांनी सूर्य वापरायचं ठरवलं. न्हाव्याकडून मोठा आरसा आणला. अंगणात मी आरसा धरायचा, ऊन दाराच्या भोकातून आत कॅमेऱ्यावर सोडायचं. उन्हाच्या तापानं फिल्म पेटू नये म्हणून मध्ये पाण्यानं भरलेली काचेची बरणी. सूर्य सरकेल तसा आरसा सरकवायला स्थिर हात हवा, आणि तो ड्रॉइंग मास्तरचा, असं उस्तादांनी मला चढवलं. त्यामुळं ज्या सिनेमासाठी मी ओल्या पंच्यावर कुडकुडलो, तो मी अंगणात उभा राहून नुसता ऐकला.

माघातली भर दुपार होती. दार लागलं, हँडलची खरखर सुरू झाली. मग एकदम: "व माय! हा तं नाला!" मला हुंदका आला. आरसा हलेल म्हणून तो गिळला. "वाट आजूक तशीच हाये रे. लिंब पाह्य केवढा झाला!" आणि मग हात आले असावेत, कारण अम्मा नावं घेऊ लागली. "ही पाटलाची मोठी सून. ही सरसती, सव्वादोनची बांगडी लागे हिले, आता हात भरला. ही डावखोरी. ही म्हातारी आजूक जित्ती हाये?" तोंड एकीचंही दिसत नव्हतं. अम्मा एकही चुकत नव्हती. आत उस्ताद हसत होते. खरखर एका लयीत चालली होती आणि मला वाटलं, जिंकलो.

"ही गंगू," अम्मा म्हणाली. आणि थांबली.

"असंन," उस्ताद म्हणाले.

"हिचे हात उघडे काहून?"

हँडलची खरखर चालूच राहिली.

"हिचा चुडा म्या भरला होता. हिचा मालक कधी गेला रे?"

"मालूम नाही, अम्मा."

"तू तिच्यापुढं उभा होता ना? पाह्यलं नाही?"

"अम्मा, मी मोजून राह्यलो होतो."

"काय मोजून राह्यलता?"

"फेरे," उस्ताद म्हणाले.

माझ्या हातातला आरसा कलला. उजेड दारावरून घसरून भिंतीवर गेला. "मास्तर, उजेड कुठी गेला?" अम्मानं आतून हाक मारली. मी आरसा सावरला. ती उघडी मनगटं मीही पाहिली होती. तीन वेळा पाहिली होती: विहिरीपाशी, उलट्या फिल्मवर आणि सुलट्या फिल्मवर. मला आठवत होतं की त्या हातांवर सावली स्वच्छ पडली होती, कारण मध्ये चमकणारं काही नव्हतं. मी खूष झालो होतो. माझी लाज मला आजही वाटते.

अम्मानं उरलेली फिल्म शेवटपर्यंत पाहिली, पण नावं घेतली नाहीत. दार उघडलं तेव्हा उस्ताद कॅमेऱ्यापाशी उभे होते आणि अम्मा त्यांना सांगत होती, "उद्या आसेगावले जाजो. माह्या वाटचा बसून ये तिच्या घरी." दुखवट्याच्या घरी जाऊन बसणं इकडं चुकवत नाहीत. अम्माचे पाय चालते असते तर ती कधीच जाऊन आली असती.

दुसऱ्या दिवशी उस्ताद गेले. कॅमेरा नेला नाही. परत आले ते सरळ माझ्याकडं. गंगूचा नवरा भादव्यात साप चावून गेला होता. अम्माकडं निरोप धाडायला तिच्याजवळ कोणी नव्हतं. सासरच्यांनी तिला त्या दिवशी रांगेत जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. तरी ती आली. "मास्तर, ती मले म्हने," उस्ताद सांगू लागले, "तोंडानं सांगता नाही आलं म्हनून हात पुढं केले. अम्माले कळन म्हने." एवढं सांगून ते माझ्या ओसरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. पंजा मोडला, थर वाहून गेला, तूस बसलं, तेव्हा न रडलेला माणूस.

वैशाखात अम्मा गेली. मला वाटलं, आता पेटी बंद. पण उस्ताद थांबणाऱ्यातले नव्हते. पुढं कित्येक वर्षं त्यांनी लग्नं घेतली, जत्रा घेतल्या, कुस्त्या घेतल्या. फक्त हँडलला हात लावण्याआधी ते पुढं जात, समोरच्या प्रत्येकाला डोळे भरून पाहत, घरचं कसं काय म्हणून विचारत. ऊन कलायचं, लोक वैतागायचे, मी मागून ओरडायचो. "कलू द्या," ते म्हणायचे. कितीतरी चित्रणं त्यापायी बुडाली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

उस्ताद वारले तेव्हा मी त्यांच्या अंगणात बसलो होतो. दुपारी आसेगावहून एक बाई आली. पायी आली असावी, पाय धुळीनं भरले होते. ती बायांत जाऊन बसली. डोक्यावर पदर होता, तोंड उघडं होतं. निघताना माझ्यापाशी थांबली. "तुमी धोतर धरनारे मास्तर ना?" म्हणाली. "मी गंगू."

पंधरा वर्षं त्या बाईची नखंसुद्धा मला पाठ होती, आणि तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी तिला खाली बसायला सांगितलं, पाणी आणवलं आणि कशी आहेस म्हणून विचारलं. ती सांगत गेली. मी ऐकत बसलो.