मोतीराम शिंप्याने वाचलेला शेवटचा अध्याय

तत्त्वचिंतनात्मक कादंबरी सामान्य वाचकांत लोकप्रिय का होते, या विषयावर मी पिंपळगाव राजाच्या वाचनालयात एकदा दीड तास व्याख्यान दिले. श्रोते चार होते. त्यांपैकी दोघे कार्यकारी मंडळाचे सभासद असल्यामुळे उठू शकत नव्हते. प्रश्नाचे खरे उत्तर गावातील मोतीराम शिंप्याकडे होते, हे मला नाइलाजाने नमूद करावे लागत आहे.

मोतीराम मराठी चौथी शिकलेला. चातुर्मासात रोज तिसऱ्या प्रहरी मारुतीच्या देवळात पोथी वाचून अर्थ सांगणे हा त्याचा मान. त्या वर्षी जुन्या पोथीला वाळवी लागली, म्हणून तो वाचनालयात आला आणि केवळ जाडी पाहून एक कादंबरी घेऊन गेला. तिचा नायक बाराव्या पानावर पत्नीला सोडतो आणि पुढची तीनशे पाने नदीकाठी बसून 'मी कोण' याचा विचार करतो. माझ्याखेरीज ती कोणी पूर्ण वाचलेली नव्हती. मोतीरामाने ती तांबड्या फडक्यात गुंडाळून पाटावर ठेवली, हळद-कुंकू वाहिले आणि अध्याय पहिला सुरू केला. महिन्याभरात देवळात बसायला जागा उरली नाही.

पुस्तक पंधरा दिवसांत परत करण्याचा नियम आहे. दोन महिने उलटल्यावर वाचनालयाचा चिटणीस या नात्याने मी स्वतः ते आणायला पोथीच्या वेळी देवळात गेलो.

"मास्तरसायब, एकच अध्याय राह्यला," मोतीराम म्हणाला. "पोथी अशी मधातच उठवत नसतात."

"ही पोथी नव्हे."

"मंग येवढे लोकं काऊन आयकून राह्यले?"

तेवढ्यात श्रोत्यांतून रुक्मिणीबाई उठल्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान बैराग्यांबरोबर निघून गेले, ते परतले नव्हते. दोन महिन्यांत बाईंचा एक दिवस चुकला नव्हता.

"आत्मा-बित्मा तुमचा तुमी पाहा, मास्तर. थो घरी येते का नाही, येवढं आयकू द्या मले."

नायक घरी येत नाही. अखेरच्या पानावर तो शून्यात विलीन होतो. त्या विलीनतेवर माझा एक अप्रकाशित निबंध आहे. वाचन संपताच पुस्तक उचलावे म्हणून मी मोतीरामाच्या शेजारी बसलो. पान माझ्या डोळ्यांसमोर होते. अर्धे त्याने छापल्याप्रमाणे वाचले, एकवार रुक्मिणीबाईंकडे पाहिले आणि त्याच सुरात पुढे गेला. नायक नदीवरून उठला, घराशी आला, दाराबाहेर उभा राहिला. पत्नी म्हणाली, "आधी पाय धुवा. तुमी कोण ते मंग पाहू."

देवळात हशा पिकला. रुक्मिणीबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"जेवला का मंग थो?" त्यांनी विचारले.

"जेवला," पानावरून नजर न काढता मोतीराम म्हणाला. "दोन भाकरी."

छापील मजकूर सांगणे माझे कर्तव्य होते. मी सांगितला नाही.

त्यानंतर वाचनालयात सर्वाधिक मागणी त्याच पुस्तकाला आहे. नेणारा प्रत्येकजण शेवटचे पान पाहतो आणि खरे पान मी फाडून ठेवल्याचा आरोप करतो. गेल्या महिन्यात बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरसाहेबांकडे माझ्याविरुद्ध अर्ज गेला. त्यावर बावीस सह्या आणि नऊ अंगठे आहेत. अक्षर मोतीरामाचे आहे.