मुलीने किती ठिकाणी अर्ज करावा

गेल्या दिवाळीनंतरच्या एका शनिवारी माझ्या मुलीने जेवता जेवता सांगितलं, की तिला पीएच.डी.साठी परदेशात अर्ज करायचे आहेत आणि चार विद्यापीठं तिने नक्की केली आहेत. ती एम.एस्सी. झाली आहे, मुंबईत एका संशोधन प्रकल्पावर काम करते, आठवडाभर तिकडेच राहते आणि शनिवारी घरी येते. विषय माती. भाताच्या खाचरातल्या मातीत पाणी भरलं, की आतल्या सूक्ष्म जिवांचं काय होतं, असं काहीतरी. डिसेंबरमध्ये मुदत संपते, निवड झाली तर तेच विद्यावृत्ती देतात, पाच वर्षं लागतात, हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि मग आमटीत मीठ कमी आहे म्हणाली.

"चारच का?" मी विचारलं.

"पुरेत."

मी मुरबाडच्या एस.टी. स्थानकावर वाहतूक नियंत्रक आहे. किती गाड्या पुरतील हे सांगायचं, तर आधी किती बंद पडतात ते माहीत असावं लागतं. म्हणून मी तिला विचारलं, की एका ठिकाणी निवड व्हायची शक्यता किती धरायची. ती म्हणाली, तिच्या पुढे गेलेली एक मुलगी दहात एक म्हणते, पण तो अंदाज आहे. अंदाज तर अंदाज. दहात एक होकार म्हणजे दहात नऊ नकार. चारही ठिकाणांहून नकार यायची शक्यता शंभरात पासष्टच्या आसपास येते. बारा ठिकाणी अर्ज केला, तर तीच अठ्ठावीसवर उतरते. एवढं मी हात धुऊन येईपर्यंत तोंडी केलं.

हात पुसताना लक्षात आलं, की ते पासष्ट म्हणजे ती इथेच राहायची शक्यता.

आमच्या घरात आम्ही दोघंच आहोत. बायकोला जाऊन चार वर्षं होतील. सोमवार ते शुक्रवार मी एकट्यापुरता भात टाकतो, आणि एकट्यापुरता भात कधी नीट शिजत नाही, तळाला लागतो किंवा फडफडीत राहतो. शनिवारी दोघांचा टाकला की बरा होतो. संध्याकाळी कामावरून आलो की मी पडवीतला दिवा लावतो, रेडिओ लावतो आणि रेडिओ चालू ठेवूनच आंघोळीला जातो. आत कुणीतरी बोलत असलेलं बरं वाटतं. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही आणि त्या रात्रीही सांगितलं नाही. पासष्ट आणि अठ्ठावीस हे दोन आकडे मात्र सांगितले.

तिने ते ऐकले आणि लगेच चूक काढली. "बाबा, हे असं सुटं सुटं नाही मोजता येत. सगळीकडे तीच शिफारसपत्रं जाणार, तेच मार्क. एकाला मी आवडले नाही, तर दुसऱ्यालाही न आवडण्याची शक्यता जास्त."

तिचं बरोबर होतं. डिझेल खराब आलं तर चालू गाडीबरोबर राखीव गाडीही बंद पडते, तसंच हे. म्हणजे माझे आकडे जरा जास्तच आशेचे होते. तरी चारापेक्षा बारा बरे, हे काही बदलत नव्हतं. तसं मी म्हटलं, तेव्हा खरं कारण बाहेर आलं.

प्रत्येक अर्जाला तीन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. एक तिच्या प्रकल्पाच्या मॅडम, दोन कॉलेजातले सर. "चार ठिकाणं म्हणजे बारा पत्रं झाली," ती म्हणाली. "मॅडमनी माझ्यासाठी एवढं करायचं, आणि मी त्यांचं काय करणार? चारच जड होतायत. बारा जागा म्हणजे छत्तीस."

ही मोजणी तिने माझ्याकडूनच घेतली होती.

आमच्या गावात, म्हणजे मुरबाड-शहापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला, लावणी आणि झोडणी मजुरीने फारशी होत नाही. तुम्ही माझ्या शेतावर एक दिवस आलात, की मी तुमच्या शेतावर एक दिवस येतो. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. घरात हात जास्त असले, की हे सहज फिटतं. बायको गेल्यावर आमचे दोन हात कमी झाले, पण शेती तेवढीच राहिली. तेव्हापासून मी रजा टाकून लोकांचे दिवस फेडत आलो, आणि मुलगीही परीक्षा संपली की माझ्याबरोबर चिखलात उतरायची. कुणाचा दिवस अंगावर ठेवायचा नाही, हे मी तिला शंभर वेळा सांगितलं असेल. ते तिने प्रकल्पाच्या मॅडमनाही लावलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी आम्हाला शेजारच्या वहिनींचा एक दिवस फेडायचा होता. त्यांचा नवरा कसाऱ्याकडे हायवेच्या कामावर असतो, आठवड्याने येतो, त्यामुळे शेत त्याच बघतात. खळ्यावर कापलेल्या भाताचे भारे रचलेले होते. आम्ही झोडायला लागलो. वहिनींना बातमी लागलेलीच होती.

"काय गो, परदेशी चाललीस म्हनं?" त्या मुलीला म्हणाल्या.

"अजून कुठे काकी. अर्ज करायचाय."

"मंग आमचा दिवस कोन फेडील?"

"बाबा आहेत ना."

"बाबा येकला किती ठिकानी पुरंल? तो सकाळी उठून गाड्या मोजतो, दुपारी गाड्या मोजतो. हितं आला तं भारं मोजत बसंल."

मी म्हटलं, "मोजले नाहीत तर तुम्ही दोन जास्त झोडून घ्याल, वहिनी."

"घेनारच. फुकट गावला तं कोन सोडतो?"

मुलगी हसली. मग भारा आपटता आपटता तिने काकीला आपली अडचण सांगितली, की तिच्या मॅडमना किती पत्रं लिहायला लावायची ते तिला कळत नाही. वहिनींनी हातातला भारा खाली ठेवला.

"ती मॅडम लावनीला येते काय तुज्याकडं?"

"नाही हो काकी."

"मंग तिचा दिवस कसा काय झाला? तिला पगार भेटतो ना तुला शिकवायचा? इचार तिला. नाय म्हनाली तं नाय."

"असं कसं विचारू?"

"तोंडानं," वहिनी म्हणाल्या आणि परत भारा उचलला.

दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर मुलगी बांधावर जाऊन उभी राहिली, कारण तिथे मोबाइलला रेंज येते. तिने मॅडमना मेसेज करून विचारलं की जास्तीत जास्त किती ठिकाणांसाठी पत्र देऊ शकाल. बराच वेळ ती फोन हातात धरून तशीच उभी होती. मी खळ्यावरून बघत होतो. उत्तर आल्यावर ती माझ्याकडे चालत आली आणि फोन पुढे केला. मॅडमनी लिहिलं होतं, की पत्र एकदाच लिहायचं असतं, पुढे फक्त नाव बदलून चढवायचं असतं, सरांचंही तसंच, तेव्हा आकड्याची काळजी करू नकोस, यादी बुधवारपर्यंत दे. खाली आणखी एक ओळ होती. चार फारच कमी आहेत, मी तुला हे आधीच सांगायला हवं होतं.

मी वाचून फोन परत दिला. झोडणी अजून निम्मी राहिली होती.

रात्री तिने मला विचारलं, "मग बाबा, किती? तुम्हीच सांगा आता."

हे मला नको होतं. आदल्या दिवशी मी फक्त आकडे सांगितले होते, त्यावर निर्णय तिचा होता. आता ती सरळ विचारत होती, आणि जो आकडा मी सांगेन तो ती भरणार होती. चार म्हटलं असतं, तरी तिने ऐकलं असतं. सहा म्हटलं असतं, तर मधला मार्ग म्हणून दोघांनाही ते शहाणपणाचं वाटलं असतं.

मी म्हटलं, "आधी सगळी नावं काढ. जिथे तुझ्या विषयाचं काम चालतं अशी सगळी."

तिच्याकडे तेरा नावं निघाली. मी एकेक नाव घेऊन एकच प्रश्न विचारत गेलो. बाकी सगळीकडून नकार आला आणि फक्त इथूनच होकार आला, तर तू जाशील का? पहिल्या पाचांना ती पटकन हो म्हणाली. सहाव्याला थांबली. तिथे म्हणे थंडी फार, पण काम चांगलं, म्हणून हो. एका ठिकाणच्या प्रोफेसरांबद्दल तिने वाईट ऐकलं होतं, ते गेलं. दोन ठिकाणी मातीचं काम आता नावापुरतंच उरलं होतं, तीही गेली. एक नाव तिने का घातलं होतं, हे तिलाच आठवेना.

नऊ उरली.

"नऊ," मी म्हटलं. "जिथे जायचं नाही तिथे अर्ज करून उपयोग नाही. आणि जिथे जायचंय ते एकही सोडू नकोस."

तिने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, "नऊला किती होतात?"

"एक तरी होकार यायची शक्यता शंभरात साठच्या वर. तू म्हणालीस ते सुटं नसणं त्यातून वजा केलं, तर निम्म्याच्या आसपास धर."

"म्हणजे छापा-काटा."

"हो."

ती झोपायला गेली. मी अंगणात थोडा वेळ बसलो. समोर वहिनींच्या खळ्यावर पेंढ्याची उडवी रचून झाली होती आणि कुणीतरी बॅटरी घेऊन तिच्याभोवती फिरत होतं, बहुतेक त्याच असाव्यात. हाक मारावी असं वाटलं. पण सांगण्यासारखं काही नव्हतं.

डिसेंबरमध्ये नऊही अर्ज गेले. शेवटचा भरताना ती मुंबईतच होती, फोनवर म्हणाली, "झालं बाबा." मी बरं म्हटलं, आणि जेवलीस का विचारलं.

जानेवारीत शेतावर राबासाठी, म्हणजे रोपांची जागा पेरणीआधी भाजून घ्यायला, पालापाचोळा गोळा करायची वेळ आली, तेव्हा मी वहिनींकडे गेलो. म्हटलं, आमचं ओढ्याकडचं मोठं खाचर यंदा तुम्ही अर्धेलीने करा, पीक निम्मं निम्मं. वरची दोन मी माझी बघतो.

"पोरीचं झालं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मंग आत्ताच कशापायी देता?"

"लावणीला ती नसेल, असं धरून चाललोय. तीन खाचरांचे दिवस मला एकट्याला फेडता यायचे नाहीत. दोनांचे येतील."

या वेळी वहिनींनी थट्टा केली नाही. "नाय फेडलं तं काय आमी फाशी देनार काय भावजी?" एवढंच म्हणाल्या. मग खाचराच्या बांधाची दुरुस्ती कुणी करायची ते आम्ही ठरवलं.

आता फेब्रुवारी संपत आला आहे. तीन ठिकाणांहून नकार आला आहे. प्रत्येक नकार ती मला त्याच दिवशी कळवते, आवाज साधा ठेवून. तिसरा आला त्या शनिवारी ती घरी होती, आणि वहिनींना तिनेच सांगितलं. संध्याकाळी वहिनी पडवीच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, खाचर परत घेता काय? अजून राब भाजला नाय आमी."

मुलगी आत भात टाकत होती. तिला ऐकू जात होतं.

"नको," मी म्हटलं. "सहा ठिकाणं बाकी आहेत. तुम्ही भाजून घ्या."