नासिरचा सोलो

नांदेडच्या इतवारा भागात नासिरचं स्पीकर-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. आता तिथे डीजेवाले जळालेले स्पीकर घेऊन येतात. नासिर त्यांना आधी शिव्या घालतो, मग दुरुस्त करून देतो. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा तिथे कॅसेट भरून मिळायच्या, आणि साऱ्या नांदेडात प्रोग्रेसिव्ह मेटल नावाचं परदेशी रॉक ऐकणारी जी काही पाच-सहा टाळकी होती ती रविवारी तिथेच सापडायची. मी उदगीरचा गुरुलिंग, ड्रम बडवणारा. लोहा गावचा बालाजी गिटारवाला. आणि नासिर, ज्याला एकही वाद्य येत नव्हतं आणि ज्याच्याशिवाय आमचं पान हलत नव्हतं.

ज्यांना ही गाणी माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. एकेक गाणं दहा-बारा मिनिटांचं, मध्येच ताल बदलणारं, आणि त्याच्या पोटात एक लांबलचक गिटार सोलो. म्हणजे बाकीच्यांनी मागे सरायचं आणि गिटारवाल्याने एकट्याने मैदान मारायचं. आमच्यापर्यंत यायची ती कॅसेटच्या कॉपीची कॉपी. त्यावर ना फोटो, ना गाणं कुणी रचलं त्याचा पत्ता. मग ते गायकाने रचलं की गिटारवाल्याने, हे आम्ही वाद घालून ठरवायचो आणि बहुमताने निघालेलं नाव नासिर कव्हरवर निळ्या पेनाने लिहून टाकायचा. पुढे इंटरनेट आलं तेव्हा कळलं, निम्मी नावं साफ चुकीची होती. शिवाय दुकानातला डेक जरा जोरात पळायचा. बालाजीने सगळे सोलो त्याच डेकवरून उचललेले, त्यामुळे तो बिचारा मूळ गिटारवाल्यांपेक्षाही वेगात वाजवायला शिकला. मला त्या चुकांची आजही लाज वाटत नाही. असं मन लावून चुकायला पुन्हा कधी मिळालं नाही.

वादात नासिर आणि बालाजी कायम समोरासमोर. नासिर म्हणायचा, "ज्याच्या डोक्यात आलं, त्याचं गाणं."

बालाजी म्हणायचा, "डोक्यात तर समद्यांच्याच येतंय. बोटातून कुणाच्या निघालं ते बघ."

नासिरची आई चांदबी चहा घेऊन यायची आणि विचारायची, "ज्यांच्यासाठी भांडून राहिलात ते गोरे तुमाला वळखतात तरी का रे?"

मग कॉलेजच्या गॅदरिंगसाठी आम्ही स्वतःचं एक गाणं बसवलं. सोलोची जागा रिकामी होती. एका दुपारी तालमीत, टेप चालू ठेवून, नासिरने तो तोंडाने म्हणून दाखवला आणि बालाजीने गिटारवर उचलला. गॅदरिंगला बालाजीने असा वाजवला की खुर्च्यांवरची पोरं उभी राहिली. नासिर तेव्हा स्टेजमागे जमिनीवर पालथा पडून ॲम्प्लिफायरचा ढिला प्लग हाताने दाबून धरत होता. सूत्रसंचालकाने जाहीर केलं, "संगीत, बालाजी." बालाजी माइकसमोर उभा होता, पण नासिरचं नाव न घेता गप्प बसला. नासिर उठला, टेपमधली रेकॉर्डिंगची कॅसेट काढून माझ्या हातात कोंबली आणि म्हणाला, "तुझ्याजवळ ठेव. मला दिसाया नको."

भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. बालाजी लोह्याला शेती बघायला गेला, मी लातुरात शिकवण्या घ्यायला लागलो. नासिर तो सोलो मात्र गुणगुणत राहिला, वायरींना सोल्डरचा डाग देताना, चहा पिताना, मुलीला झोपवताना. ती मुलगी, अलीझा, लहानपणापासून एकच ऐकत आली होती, की अब्बांनी आयुष्यात एक चीज स्वतःची बनवली, ती ही.

यंदा घर बदलताना ती कॅसेट सापडली. गाणं इंटरनेटवर टाकू म्हटलं आणि नांदेड गाठलं. अलीझा आता इंजिनिअरिंगला आहे. तिने डेक लॅपटॉपला जोडला आणि ऐकण्याआधीच टाइप केलं, सोलो: नासिर. नासिर उगाच दाढी खाजवत होता, पण खुशी लपत नव्हती.

आधी लागली ती तालमीची बाजू. त्यात तरुण नासिर तोंडाने सोलो म्हणत होता. अलीझा हसली. पण ते म्हणणं लगेच संपलं आणि कॅसेटमधला नासिर म्हणाला, "बास. एवढाच ठेवू."

मग गॅदरिंगची बाजू लागली. बालाजीने तेवढाच तुकडा वाजवला आणि टणकन आवाज आला. बारीक तार तुटली होती; तेव्हा ड्रम बडवण्याच्या नादात मला कळलंही नव्हतं. क्षणभर गिटार थांबली. मग तो जाड तारांवर उतरला आणि संथ, आतून ओढून काढल्यासारखं वाजवत गेला. पोरं उठली ती तिथे. नासिर जे जन्मभर गुणगुणत आला तेही हेच.

नासिरने ते पुन्हा लावायला सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हणाला, "अलीझा, नाव काढ. ह्ये माझं न्हाई."

"अब्बा, सुरुवात तर तुमचीच हाय."

"सुरुवात हाय. पर तुला झोपवलं ते ह्याच्यावर. ते त्याचं हाय."

मला त्याच्याकडे बघवेना. तो गप्प बसला असता तर कुणाला काय कळणार होतं? मी नक्की गप्प बसलो असतो. नासिरने माझ्याकडून बालाजीचा नंबर घेतला आणि फोन स्पीकरवर लावला.

"बालाजी, नासिर बोलून राहिलो."

पलीकडे पाण्याची मोटार चालू होती. ती बंद झाली. "बोल, नासिरभाई."

"गॅदरिंगला तुझी तार तुटली होती?"

"हाव. लई घाबरलो होतो."

"मंग पुढचं कुणी सांगितलं तुला?"

"तूच की. तुझंच वाजवलं मी."

"माझं तार तुटायच्या आधीच संपलं होतं, बाल्या. आत्ता कॅसेट ऐकली. पुढचं समदं तुझं हाय. मीच इतकी वर्षं माझं म्हणून मिरवून राहिलो."



"माझं हाय?"

"हाव."

"मला वाटलं, समदंच तुझं होतं आन मी माइकपुढं गप बसलो. नांदेडला येतो, पर तुझी गल्ली टाळून जातो. गिटार तर त्याच महिन्यात इकून टाकली रे मी."