आज लखन त्याच्या भाषेत बोलला

मंडळी, मुरुमच्या व्यसनमुक्ती केंद्रात मी समुपदेशक आहे. पवनचक्कीच्या कामावर आलेला झारखंडचा लखन (नाव बदललंय) आज दुपारी पुन्हा आला. दारू सोडून पंधरा दिवस झालेत, गोळ्या चालू आहेत, पण झोप न्हाय. हिंदीत काहीही विचारलं की नुसतं "ठीक है."

शेवटी मी म्हणलं, "अपनी भाषा में बोलो. समझ में नहीं आएगा, पर सुनूँगी."

तो संथालीत बोलू लागला, अगदी हळू. ऐकता ऐकता मला कधी न पाहिलेलं, झाडीतलं एक गाव दिसत राहिलं. मग तो रडला आणि बाकावरच झोपला. मी उठवलं न्हाय.

जाताना म्हणाला, "कल फिर आऊँ?"

उद्या मला त्याचं बोलणं समजायला हवंय. आपल्या भागात कुणाला संथाली येते का?